कामोसाचा तिसरा अंक

१

प्रतापराव मोहिते रंगमंचावर कोसळले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या अंकाचा शेवट होता. उंबारा नावाच्या, कुठल्याच नकाशात नसलेल्या आफ्रिकी देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष कामोसा स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनी लोकांसमोर तुंब्यातलं, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं, पाणी पितो आणि पुन्हा एकदा शपथ घेतो, असा तो प्रसंग. प्रतापरावांनी पाणी प्यायलं, समोर कुणी उभं असल्यासारखा हवेत हात फिरवला, "विल्यम, दार लावून घे" असं काहीतरी पुटपुटले आणि आडवे झाले. नाटकात विल्यम नावाचं पात्र नव्हतं. पण ते देवासच्या लोकांना कसं ठाऊक असणार? त्यांना वाटलं, राष्ट्राध्यक्ष पडला. पडदा आला तरी टाळ्या चालूच होत्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या विश्वासराव जगदाळ्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते देवास कोतवालीचे टीआय, म्हणजे ठाण्याचे मुख्य अधिकारी. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. घराणं धाकट्या पातीच्या, म्हणजे देवासच्या धाकट्या संस्थानाच्या दरबारातलं, पण दरबार गेला आणि चाकरी उरली. एकोणीसशे शहात्तरचा हिवाळा होता. आणीबाणीला दीड वर्ष होत आलं होतं, आणि त्या काळात विश्वासरावांनी इतक्या माणसांना घरातून बोलावून नेलं होतं की आता कुणाच्या दारावर थाप मारायची म्हटली तरी हात जड व्हायचा.

ते पडद्यामागे गेले. प्रतापरावांचा चेहरा लालबुंद होता, अंग तापलेलं, ओठ सुकलेले. डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते. जिल्हा दवाखान्यात डॉक्टर अलका पुरंदऱ्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि विश्वासरावांना व्हरांड्यात बोलावलं.

"धोतरा आहे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी पोटात घातलाय. वाचतील असं वाटतं, पण आज खात्री देत नाही."

विश्वासरावांनी मान हलवली. त्यांचा हात नकळत खाकी शर्टाच्या खिशावर गेला. खिशात कलेक्टर कचेरीतून आलेला हुकूम होता. नाटक संपलं की लेखक आणि प्रमुख नट प्रताप मोहिते यांस मिसा कायद्याखाली ताब्यात घ्यावे.

२

प्रतापराव इथल्या एका कारखान्यात पंपांच्या विभागाचे फोरमन होते. कारखान्याने त्यांना तीन वर्षं आफ्रिकेत पाठवलं होतं, पाण्याचे पंप बसवायला. ते होते तेव्हाच तो देश स्वतंत्र झाला. परक्यांचा झेंडा उतरताना आणि आपला चढताना लोक कसे रडले, हे त्यांनी मैदानात उभं राहून पाहिलं होतं. पुढे त्याच नेत्याने आपल्या जुन्या सोबत्यांना एकेक करून तुरुंगात घातलं, तेही पाहिलं. परत आल्यावर त्यांनी नाटक लिहिलं. देशाचं नाव बदललं, नेत्याचं बदललं, कारण तिथे त्यांची माणसं, विल्यमसारखे सोबती, अजून राहत होती. तोंडाला काळं फासायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "त्या लोकांचं सोंग करायचं नाहीये आपल्याला," ते म्हणायचे. "त्यांची गोष्ट सांगायचीय."

तिसऱ्या अंकात कामोसा आपल्या बालमित्राच्या अटकेच्या हुकमावर सही करतो. मराठी समाजाच्या सभागृहात आठवडाभर त्या अंकाच्या तालमी चालू होत्या आणि नाटक खरं कुठल्या देशाचं आहे, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एसपी साहेबांचा फोन आला. "जगदाळे, वो तुंबेवाला कौन है? उसीको उठाओ. नाटकवालों का आपसी झगडा है, बात खतम."

तुंबेवाला म्हणजे खंडोजी शितोळे. नाटकात कामोसाच्या बालमित्राचं काम तोच करायचा आणि रंगमंचावर तुंबा त्याच्याच हातून दिला जायचा. कामोसाची भूमिका त्याला हवी होती, त्यावरून दोघांची वाजलीही होती. हवालदार भेरूसिंगने तुंबा जप्त करून आणला तेव्हा तो मान खाजवत म्हणाला, "साब, तुंबो तो धोयो थको मिल्यो."

धुतलेला. माणूस दवाखान्यात, आणि तुंबा धुतलेला.

खंडोजीला कोठडीत घातलं तेव्हा त्याने विरोध केला नाही. भिंतीला टेकून बसला. विश्वासराव त्याच्यासमोर स्टुलावर बसले.

"का धुतलास?"

"रोज धुतो, साहेब. ओला राहिला की वास मारतो. नेमावरच्या एका बैरागीबाबाचा आहे, परत द्यायचाय." त्याने मान हलवली. "तुम्हाला नाही पटायचं. मलाच पटून नाही राहिलं आता."

"भांडण झालं होतं ना?"

"झालं होतं. मी म्हटलं, हा राष्ट्राध्यक्ष म्हणजे मी पाहिजे, तुम्ही फार मवाळ बोलता. ते हसले. मग तालमीत त्यांनी शपथ घेतली आणि मी म्हटलं, राहू द्या." खंडोजीने डोळे चोळले. "साहेब, एक सांगतो. पहिल्या अंकात मी त्यांना मिठी मारतो. त्यांचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. तोंडावर दिवे, अंगात कोट, आणि घामाचा टिपूस नाही. मला वाटलं, ताप आहे. कामाच्या गडबडीत विचारायचं राहून गेलं."

विश्वासराव उठले. दारापर्यंत जाऊन थांबले.

"पहिल्या अंकात?" त्यांनी विचारलं.

"हो. तो अंक संपता संपता."

तुंबा तर दुसऱ्या अंकाच्या शेवटी आला होता.

३

विश्वासरावांना आठवलं. पहिल्या अंकात कामोसा देशाची शपथ कागदावरून वाचतो. ती शपथ प्रतापरावांनी मुद्दाम पाठ केली नव्हती. पहिला नेता पहिल्यांदा वाचतोय हे दिसायला हवं, असा त्यांचा हट्ट. प्रयोगात त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, लांब नेला, जवळ आणला, आणि खाली ठेवून मनानेच बोलले. लोकांना ते फार आवडलं होतं. विश्वासरावांनाही.

ते तडक दवाखान्यात गेले. "डॉक्टरबाई, धोतऱ्याने जवळचं दिसेनासं होतं का?"

"होतं. आधी तोंडाला कोरड पडते, मग अक्षरं पुसट होतात. भ्रम नंतर."

म्हणजे विष पडदा उघडायच्या आधीच पोटात गेलं होतं. खंडोजी सुटला होता, निदान विश्वासरावांच्या हिशेबात. एसपी साहेबांच्या हिशेबात सुटायला दुसरं कुणीतरी अडकायला हवं होतं.

दिग्दर्शक गोपाळराव सरंजामे त्यांना सभागृहातच सापडले. रिकाम्या रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसले होते. कारखान्यात मोठे हुद्देदार. नाटक बंद करा म्हणून मॅनेजरने त्यांना दोनदा बोलावून सांगितलं होतं, हे गावभर झालं होतं.

"मला नको होतं हे नाटक," त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "रोज म्हणायचो, बत्ती जाऊ दे, छप्पर गळू दे, काहीही होऊ दे. पण मोहित्यांना कसं सांगणार? ते बोलायला लागले की आपण किती घाबरलोय ते आपल्यालाच दिसतं."

"त्या दिवशी त्यांनी काय खाल्लं?"

"काही नाही. प्रयोगाच्या दिवशी उपास असतो त्यांचा. मी सकाळीच त्यांना घरून घेऊन आलो, नेपथ्य लावायचं होतं. दुपारी सगळ्यांनी एकाच किटलीतला चहा घेतला, त्यांनीही."

"आणखी?"

"ते चाटण. ज्येष्ठमध आणि मध. घशासाठी. घरून डबी आणतात, आरशापाशी ठेवतात. पडदा उघडायच्या आधी दोन बोटं, पुन्हा दुसऱ्या अंकाआधी दोन बोटं."

जप्त केलेल्या सामानात ती डबी होती. विश्वासरावांनी ठाण्यात येऊन ती उघडली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. मग करंगळी बुडवून जिभेवर लावली. भेरूसिंग घाबरून पुढे आला. विश्वासरावांनी त्याला हातानेच थांबवलं. गोड होतं. नुसतं मध आणि ज्येष्ठमध. धोतऱ्याचा कडवटपणा नावालाही नव्हता.

पण त्यांनी पाहिलं होतं ते वेगळंच. प्रतापरावांनी दोनदा बोटं बुडवली होती, आणि डबी काठोकाठ भरलेली होती. मधाच्या पृष्ठभागावर एकही ओरखडा नव्हता, आत्ता पडलेला त्यांच्या स्वतःच्या करंगळीचा सोडून.

ही ती डबी नव्हतीच.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गोपाळरावांकडे गेले. पाय दुखत होते. सगळ्यात जास्त कंटाळा त्यांना या गोष्टीचा यायचा की उत्तर जवळ आलं की ते नको वाटू लागतं.

"मोहिते पडल्यावर रंगपटात कोण गेलं होतं?"

"सगळे त्यांच्याभोवती होते. जयवंतीवहिनी तेवढ्या आत गेल्या, शाल आणायला." गोपाळराव क्षणभर अडखळले. "त्या पहिल्या अंकातही आल्या होत्या मागच्या दाराशी. दम लागला होता. मी परत पाठवलं. म्हटलं, अंक चालू असताना आत कुणालाच सोडत नाही."

"काही म्हणाल्या?"

"'यांना एक वस्तू द्यायची आहे', एवढंच."

जयवंती ही प्रतापरावांची बायको. गेले दोन दिवस ती दवाखान्यात नवऱ्याच्या पायाशी बसून होती. पाणी प्यायला उठत नव्हती. विश्वासरावांनी पुष्कळ बायका पाहिल्या होत्या, नवऱ्याच्या मरणाची वाट पाहणाऱ्याही. ही त्यातली नव्हती. आणि जीवच घ्यायचा असता तर ती चांगलं चाटण घेऊन मागच्या दाराशी धावत कशाला आली असती?

जीव घ्यायचा नव्हता, तर आजारी पाडायचं होतं. आजारी पाडायचं म्हणजे प्रयोग होऊ द्यायचा नव्हता. पण तालमी आठवडाभर तिच्या डोळ्यांसमोर चालल्या होत्या आणि तिने कधी अडवलं नव्हतं. मग शेवटच्या दिवशीच का? प्रयोग झाला तर काय होणार, हे तिला अगदी शेवटी कळलं होतं. म्हणजे हुकमाची खबर तिला लागली होती.

हुकूम बंद लिफाफ्यात आला होता. तो कलेक्टरांना ठाऊक होता, एसपींना ठाऊक होता आणि विश्वासरावांना. भेरूसिंगलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

ते सायकलवरून घरी गेले. बायको, नलिनी, अंगणात गहू निवडत होती. ते तिच्यासमोर पायरीवर बसले. प्रयोगाच्या आदल्या दिवशी जेवताना आपण तिला काय बोललो होतो, ते त्यांना आता शब्दन् शब्द आठवत होतं. नाटक संपलं की मोहित्यांना उचलायचंय. फार वाईट वाटतंय.

"नलू," ते म्हणाले, "तू जयवंतीला काही सांगितलंस का?"

तिचा हात सुपात थांबला. "सांगितलं."

५

"का?"

"अहो, मग तुम्ही मला कशासाठी सांगितलंत?" नलिनीचा आवाज चढला नाही. "तीस वर्षांत ठाण्यातली गोष्ट घरात कधी काढली नाहीत. त्या दिवशी घास हातात धरून सांगितलीत. मला वाटलं, यांना स्वतःला सांगता येत नाही, म्हणून माझ्याकडून सांगवताहेत. चूक झाली का माझी?"

आपल्याला तेच हवं होतं का, हे विश्वासरावांनी मनाशी तपासून पाहिलं. तपासात त्यांचा हातखंडा होता, पण इथे काही हाती लागेना. कदाचित हवं होतं.

दुपारी ते दवाखान्याच्या व्हरांड्यात जयवंतीसमोर उभे राहिले. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"खंडोजींना सोडा," ती म्हणाली. "त्यांची आई काल इथे येऊन माझ्या पाया पडली. मी तेव्हाच तुमच्याकडे येणार होते. हे शुद्धीवर येईपर्यंत थांबले."

"धोतरा कुठला?"

"माहेरी, धरमपुरीला, आमचे अण्णा दम्यासाठी बाळगायचे, त्यातली पुडी माझ्याकडे होती. थोडा दिला की माणूस दिवसभर गुंगीत पडून राहतो, असं ऐकलं होतं. किती थोडा ते नव्हतं ऐकलं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "हे सकाळी आवाजाचा सराव करतात. तेव्हा चाटतील, दुपारी पडून राहतील, प्रयोग होणार नाही. मग मी डबी बदलून टाकणार होते. दुसरी भरून ठेवली होती. पण त्या दिवशी गोपाळराव सकाळीच न्यायला आले आणि हे डबी खिशात टाकून निघून गेले. मी आंघोळीला होते. नंतर उमगलं, पण वाटलं, कोनाड्यातच असेल, इकडेतिकडे असेल. सापडेना तेव्हा धावले. पोचले तोवर पडदा वर गेला होता."

"गोपाळरावांना सांगायचं होतं."

"काय सांगणार? विष घातलंय म्हणून? खुर्चीत जाऊन बसले. हे किती छान बोलत होते. टाळ्या पडत होत्या. म्हटलं, नसेल घेतलं. देवाची शपथ, टीआय साहेब, मला तसंच वाटलं." तिने वर पाहिलं. "सोनकच्छच्या पाठक मास्तरांना तुम्हीच नेलं होतं ना? त्यांची बायको अजून रोज मोटार स्टँडवर जाऊन बसते. मला तसं बसायचं नव्हतं. बस, एवढंच."

आतून परिचारिका बाहेर आली. "मोहिते साहेब बोलायला लागलेत. टीआय साहेबांना विचारून राहिलेत."

६

प्रतापराव उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, पण डोळे पुन्हा माणसाचे झाले होते. विश्वासरावांनी दार लोटून घेतलं. कशापासून सुरुवात करावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी सरळ सगळं सांगितलं. तुंबा, कागद, डबी, दोन्ही डब्या, आणि आपल्या घरातलं जेवतानाचं बोलणंही.

प्रतापरावांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"कडू लागलं होतं," ते सगळं ऐकून म्हणाले.

"मग थुंकलं का नाहीत?"

"तिने केलेलं होतं. वाटलं, या वेळी काही औषध जास्त घातलं असेल." ते थोडं हसले, मग खोकले. "दुसऱ्यांदा आणखी कडू लागलं. तेव्हा जरा शंका आली. पण बाहेर लोक बसले होते. आणि ती पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती इतकी घाबरलेली होती, विश्वासराव, की मला वाटलं, आता थांबलो तर ती तिथेच कोसळेल. म्हणून बोलत राहिलो."

विश्वासरावांनी जबाबाचे कागद काढले.

"लिहून घ्या," प्रतापराव म्हणाले. "मध धरमपुरीचा होता. मधमाश्या धोतऱ्याच्या फुलांवर बसतात, असा मध बाधतो. डॉक्टरबाईंना विचारा, खरं आहे ते. मी सही करतो."

"बाधतो हे खरं आहे. तुम्हाला तो बाधला हे खोटं आहे."

"हो. पण खंडोजी सुटेल. आणि जयवंती घरी राहील. पोरीचं लग्न व्हायचंय." त्यांनी मान कलती करून विश्वासरावांच्या खिशाकडे पाहिलं. "तिसरा अंक झालाच नाही. तो कागद अजून चालतो का?"

विश्वासरावांनी सकाळीच विचारलं होतं. दोन अंक पुरेसे आहेत, असं उत्तर आलं होतं. वरून आलेला हुकूम माघारी जात नाही.

"चालतो," ते म्हणाले.

"मग आधी माझा जबाब लिहा. मिसातला कैदी झाल्यावर माझं कोण ऐकणार?"

विश्वासरावांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्यांना नवल वाटलं. डॉक्टर अलका पुरंदऱ्यांनी मधाबद्दलचं दोन ओळींचं मत लिहून दिलं आणि देताना त्यांच्याकडे मुळीच पाहिलं नाही. एसपी साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "मोहिते हाथ में है ना? तो शहद हो या जहर, मुझे क्या." संध्याकाळच्या आत खंडोजी कोठडीतून बाहेर आला. नमस्कार न करता, चप्पल हातात घेऊनच तो घराकडे चालू लागला.

डॉक्टरबाईंनी आणखी दोन दिवस अडवून धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विश्वासरावांनी प्रतापरावांना जीपमध्ये बसवलं. जयवंतीने कपड्यांची पिशवी आणली होती. तिने ती नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "यात खायचं काही घातलेलं नाही."

"घालायचं होतंस," प्रतापराव म्हणाले.

ती तेव्हा पहिल्यांदा रडली. प्रतापरावांनी तिचा हात धरला. जीप सुरू करायला सांगायचं सोडून विश्वासराव समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिले. भेरूसिंगने विचारलं, "चलां, साब?" शेवटी प्रतापरावच म्हणाले, "चला."

इंदूरच्या तुरुंगात कैदी सोपवून ते परत आले तेव्हा ऊन उतरत होतं. नलिनी दारातच उभी होती. डोक्यावरून पदर, हातात झाकलेला डबा.

"जयवंतीकडे जाते," ती म्हणाली. "तिच्या घरी चूल पेटली नसणार."

टीआयच्या बायकोने मिसात गेलेल्या माणसाच्या घरी जाणं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. ज्यांचं पेन्शन कागदावर अजून मंजूर व्हायचं होतं त्यांना तर जास्तच. विश्वासराव काही वेळ उभे राहिले. मग तिच्या हातातला डबा त्यांनी घेतला.

"चल," ते म्हणाले.

मोहित्यांच्या दाराशी पोचल्यावर नलिनी आत गेली. ते फाटकाबाहेरच थांबले. अंगावर गणवेश होता. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि अर्धवट लागली. पलीकडे कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं. आपल्याच हातात राहिलेला डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

थोड्या वेळाने जयवंती बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते. ती फाटकाशी येऊन त्यांच्याकडे पाहत राहिली.

"टीआय साहेब, असं बाहेर उभं राहू नका," ती म्हणाली. "आत या, नाहीतर घरी जा."

विश्वासरावांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग ते फाटक ढकलून आत गेले आणि ओसरीच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.